काट्याच्या काचेवरचं कुंकू

माघातल्या त्या दुपारी मोटारीत पेट्रोलचा, तापलेल्या चामड्याचा आणि सासूबाईंच्या पदराला लागलेल्या विभूतीचा वास कोंदला होता. आणि खिडकीबाहेर करडईची पिवळी शेतं, ज्वारीची उभी ताटं आणि निरभ्र आकाश इतक्या निवांतपणे पसरलं होतं की मला त्याचा रागच आला. आपल्या जिवावर बेतलेलं असताना निसर्गानं एवढं सुंदर दिसू नये, असं मला आजही वाटतं.

आठवा महिना नुकताच लागला होता आणि सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. तुळजापूरच्या डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलं, वर बजावलं की गाडी ताशी दहा मैलांच्या पुढं नेऊ नका. धक्के बसले तर बाळ हाती लागणार नाही, आईचंही सांगता येणार नाही. आमच्या धान्याच्या दुकानाची ती कुणाची तरी जुनी, विकत घेतलेली मोटार उस्मानभाई चालवत. हे त्यांच्या शेजारी बसले, वेगाच्या काट्यावर डोळे रोवून. मागं सासूबाईंच्या मांडीवर माझं डोकं.

घाट उतरून सपाटीला लागलो तशा बाभळी भराभर मागं पळू लागल्या. काटा दहावर होता, पोट मात्र वेगळंच सांगत होतं. निजामाच्या मोगलाईतले ते दिवस. आमच्या घरात सासूसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मरायला टेकलं तरी निरोप सासूबाईंच्याच तोंडून जायचा. मी त्यांच्या कानाशी पुटपुटले, तशा त्या पुढं वाकल्या. "आरं, गाडी लई पळतीया म्हणती ही."

"काटा दहावर आहे, आई." काटा म्हणजे जणू ब्रह्मवाक्य!

पण हे हट्टी असले तरी आडमुठे नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. दहाच्या वेगानं एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत सहा मिनिटं लागायला हवी होती, लागली चार. म्हणजे काटा दहा दाखवत होता आणि आम्ही पंधरानं धावत होतो. ह्यांच्या मानेवर घाम फुटलेला मला मागून दिसला. सासूबाईंनी कनवटीची देवीच्या कुंकवाची पुडी पुढं केली, आणि ह्यांनी करंगळी ओली करून काट्याच्या काचेवर, सातच्या जरा अलीकडं, एक ठिपका दिला. "उस्मानभाई, काटा आता इथं ठेवा, म्हणजे खरे दहा होतील."

गाडी सावरली, माझा श्वासही सावरला. पुढं सरहद्दीचा नाका आला. शिपायानं आत डोकावून माझा चेहरा पाहिला आणि लगेच दांडा वर केला. ह्यांना मात्र खात्री करून घ्यायची होती. नाक्याअलीकडच्या शेवटच्या दगडापासून पलीकडच्या, इंग्रजी हद्दीतल्या पहिल्या दगडापर्यंत त्यांनी पुन्हा वेळ लावली, नाक्यावरचं थांबणं वजा केलं, आणि आली तीन मिनिटं. मेला तो हिशोब! इकडचे दगड आमच्या मुलखातल्या गावापासून मोजत आलेले, तिकडचे सोलापूरपासून. मधला तुकडा दोन्ही राज्यांचा उरलासुरला, मैलभर नव्हताच. पण जन्मभर पायलीनं धान्य मोजलेला माणूस. माप दिसलं की ते भरलेलंच असणार, असं त्यांनी धरलं. अजूनही आपण दुप्पट वेगानं चाललोय, या भीतीनं त्यांनी ठिपका पुसायला बोट उचललं.

"कुंकू पुसतोस व्हय रे? आन् ती मागं अशी पडलेली असताना!" सासूबाई कडाडल्या. मग पहिला ठिपका तसाच ठेवून ह्यांनी साडेतीनवर दुसरा दिला.

गाडी बैलगाडीसारखी रांगू लागली आणि नेमक्या तेव्हाच मला कळा सुरू झाल्या. "मालक, इससे आहिस्ता नै चलती, बंद पडेगी," उस्मानभाई काकुळतीला आले. हे घड्याळाकडे बघत, रस्त्याकडे बघत. पुढचा दगड येईना म्हणजे येईना. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, नाक्यावरचा तो मैलच नव्हता!"

काचेवर दोन ठिपके, आणि आता त्यांचा दोन्हींवर विश्वास उरला नव्हता. ते वळले आणि आईदेखत, आयुष्यात पहिल्यांदा, थेट मला म्हणाले, "तू सांग. कशी घेऊ?"

"बोल की गं," सासूबाईंनी माझा हात दाबला, "आता कसली लाज!"

मी बोलले. पळवा म्हटलं की गाडी पळाली, हळू म्हटलं की हळू झाली. सोलापूरच्या दवाखान्याच्या दारापर्यंत दोन पुरुष माझ्या तोंडाकडे कान लावून बसले होते. दिवस मावळता मावळता मुलगी झाली, मुठीएवढी, पण खणखणीत रडणारी. मी नंतर किती तरी वेळ नुसती हुंदके देत होते.

आम्ही तिथं महिनाभर राहिलो. तेवढ्यात ह्यांनी मोटार मिस्त्रीकडे दिली, काटा दुरुस्त करून घेतला. मिस्त्रीनं काच रॉकेलच्या बोळ्यानं लख्ख पुसली होती.

परतताना हे पुन्हा काट्याकडे बघत होते आणि काटा आता अगदी खरं बोलत होता. मला कुणी काही विचारलं नाही. नाक्याजवळच्या खडबडीत उतारावर कुशीतली लेक दचकली. सवयीनं मी सासूबाईंच्या कानाशी वाकले, आणि मग तशीच सरळ होऊन मोठ्यानं म्हणाले, "हळू घ्या."

ह्यांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. उस्मानभाईंचा पाय मात्र तोवर अ‍ॅक्सिलरेटरवरून वर आला होता.