वांग्यांच्या सावलीसाठी हैदराबादेला अर्ज

एका भाजीवालीच्या वांग्यांवर सावली राहावी, म्हणून मी हैदराबादेला अर्ज धाडला. बाजार अमरावतीचा, बाजाराची कचेरी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि पाकिटावर पत्ता घातला तो थेट निजामाचा.

हे शहाणपण मला साहित्यातून लाभलं. त्या काळी आम्ही पाचसहा जण दर रविवारी राजापेठेत एका वकिलाच्या ओसरीवर जमत असू आणि राजकीय कादंबऱ्यांचा कीस पाडत असू. सत्ता कोणाची, प्रजेनं कोणाला मानावं, का मानावं. आमच्यापैकी दोघांनी त्या कादंबऱ्या वाचलेल्या असत. बाकीच्यांची मतं जास्त ठाम असत. वकिलाला तर पुस्तक उघडताच जांभई यायची, पण ‘लोकेच्छा’ हा शब्द तो अशा मालकीनं उच्चारायचा, की ती त्याची अशीलच असावी.

मीही एक कादंबरी पाडत होतो. एक राजा आपलं राज्य शेजाऱ्याला कायमच्या मक्त्यानं देऊन टाकतो. मग प्रजेचा धनी कोण? वऱ्हाडात बसून हा प्रश्न सुचायला प्रतिभा लागत नव्हती. मुलूख कागदोपत्री निजामाचा, मक्त्यानं इंग्रजांकडे, आणि हुकूम सुटायचे नागपूरहून. तरी मी तो माझाच शोध समजून मिरवत होतो. माझा शेतकरी नांगर थांबवून ‘हे नराधिपा’ अशी सुरुवात करी आणि दोन पानं बोले. तोवर बैल काय करत, हे मी लिहिलेलं नव्हतं.

अशात आमच्याकडे भाजी घालणारी माळीण दारात आली. बाजारातल्या निंबाखाली तिच्या सासूपासूनची बैठक. कचेरीनं आता ती जागा दुसऱ्याला द्यायचं ठरवलं होतं. आठ दिवसांत हरकत घ्या, नाहीतर पलीकडच्या उघड्या पटांगणात बसा.

“मले अर्ज लिहून द्या, भाऊ. तिथं उन्हानं दुपारपर्यंत वांगं सुकते. सुकलेलं कोण घेते?”

“पण मावशी, मुळात ही जमीन कोणाची?”

“निंबाखालची.”

“तसं नव्हे. धनी कोण?”

“आता थे मले काय मालूम? लिहिणारे तुमी.”

मग मी तिला माझ्या कादंबरीतला पेच सांगितला. टोपलीतल्या किडक्या शेंगा निवडत तिनं ऐकून घेतला.

“असं तं आमच्या संत्र्याच्या बगिच्यात बी आहे. झाड एकाचं, फळ मक्तेवाल्याचं. पन पानी कोण देते थे पाहा ना.”

एवढं ऐकून शहाण्यानं कादंबरी चुलीत घातली असती. मी तिला समजावलं की हा दृष्टान्त तत्त्वतः अपुरा आहे.

अर्ज चार पानी झाला. पहिल्या तीन पानांत प्रजेची संमती. चौथ्यावर वांगी आली, तीसुद्धा ‘वृंताक’ अशा नावानं; साधं वांगं दरबारात कसं न्यायचं? मक्तेदाराच्या माणसांकडे न्याय मागणं म्हणजे त्यांची सत्ता कबूल करणं, म्हणून मी मूळ धन्याकडेच दाद मागितली. तिनं अंगठा उठवला.

“कचेरीत नेऊन देऊ का?”

“नको. मी वर पाठवतो.”

वर म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही. मी पाकीट टपालात टाकलं आणि अकोल्याची गाडी पकडली. तिथल्या एका वाचनालयात माझ्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचायचं होतं. वाचलं. पहिल्या रांगेतले तिघे सज्जन शांत झोपले. अध्यक्ष म्हणाले, ‘सत्तेच्या प्रश्नाला हात घालणारा लेखक आपल्याला लाभला.’ त्या वाक्यावर मी दोन घरचे पाहुणचार झोडले आणि दहाव्या दिवशी परतलो.

निंबाखाली बांगड्यांचं दुकान लागलं होतं. माळीण पटांगणात, टोपलीवर ओलं फडकं टाकून बसलेली.

“अर्ज कुठं देला होता, भाऊ? कचेरीतला बाबू म्हणते, आलाच नाही. मुदत बी सरली म्हणते.”

मी सांगितलं.

शेजारची मिरचीवाली पदर तोंडाला लावून हसायला लागली. “हैदराबादेले? अवो, काहून? थो राजा इथं वांगे घ्याले येते काय?”

“तत्त्वतः पाहिलं तर...” मी सुरुवात केली.

माळिणीनं फडक्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. एक वांगं दाबून पाहिलं, ते मऊ पडलं होतं, बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

“मले वाटलं, तुमी शिकलेले आहा. तुमी तं नुसते वाचलेले निंगाले.”