कन्हार मातीची समजूत घालताना

निवृत्तीच्या दिवशी टेबलावरच्या फाइली परत घेतात. किस्से कोणी मागत नाही, म्हणून ते आपल्याबरोबर घरी येतात. मी भिलाईतल्या एका ठेकेदार कंपनीत कारकून होतो. माझ्याकडच्या किश्श्यांपैकी निम्मे एकाच पंपहाऊसचे आहेत.

खुर्सीपारजवळच्या एका वसाहतीचं हे पंपहाऊस वर्षानुवर्षं एका अंगाला खचत आलं होतं. खाली कन्हार, म्हणजे इकडची काळी चिकणमाती. वसाहतीचे अध्यक्ष तिवारीजी यांचं मत सरळ होतं, "तोड़ दो, नया बना दो." पण तोडलं की अख्खा उन्हाळा वसाहत टँकरवर.

आमचे इंजिनियर वानखेडे साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "तोडायचं नाही. जमिनीत ग्राउट दाबून उचलतो. नाही उचललं तर पहिली कुदळ मीच मारतो."

परतताना जीपमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "जोशी, मी जास्त बोललो का?"

"मिनिट्समध्ये आलंय, साहेब."

*

ग्राउट म्हणजे पातळ सिमेंट. वाळूत ते मुरतं. चिकणमाती त्याला आत घेत नाही. दाब वाढवला की ती फाटते, आणि सिमेंट त्या फटीतून वाट फुटेल तिकडे निघून जातं. हे पुस्तकात आहे. साहेबांनी पुस्तक वाचलंही होतं. तरी त्यांनी दाब वाढवला.

पंपहाऊस ढिम्म हललं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या क्वार्टरमधून पाटील वहिनी आल्या.

"भाऊ, माह्या मेथीतून सिमेंट निघून राह्यलं. तुमचंच हाय का?"

"हो वहिनी, आमचंच," मी म्हणालो.

"मंग घेऊन जा."

*

साहेबांनी दाब कमी केला आणि दिवसभर भरत राहिले. संध्याकाळी जमीन खरोखरच उचलली गेली. फक्त ती पंपहाऊसखालची नव्हती. शेजारचं सायकल स्टँड वर आलं आणि सगळ्या सायकली एकमेकींवर आडव्या झाल्या.

साहेब बघतच राहिले. "हे कावून उठलं?"

तिवारीजींनी स्टँडला एक फेरी मारली. "उठा तो है, वानखेडेजी. मगर किसका उठा?"

*

मग एका सकाळी पंपहाऊसची खचलेली भिंत वर आलेली दिसली. साहेबांनी ऑफिसभर पेढे वाटले. आठवडा संपायच्या आत भिंत अर्धी खाली! चिकणमाती दाबाखाली आधी फुगते, मग तिच्यातलं पाणी हळूहळू निघून जातं आणि ती पुन्हा बसते. हेही पुस्तकात होतं, पुढच्या पानावर.

"साहेब, अर्धे पेढे परत गोळा करू का?" मी विचारलं.

त्या दिवसापासून साहेबांनी घाई सोडली. थोडं भरायचं, थांबायचं, माती बसू द्यायची, पुन्हा थोडं भरायचं. मला ही पद्धत ओळखीची वाटली. आमच्या कंपनीत बढत्या अशाच मिळत.

माती मात्र ऐकू लागली. भिंत वर यायची, थोडी बसायची, पण आधीपेक्षा वरच राहायची.

*

शेवटच्या तपासणीला तिवारीजी स्वतःची पाणसळ घेऊन आले. आमच्या पाणसळीवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी ती आत एका कोपऱ्यात फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, उलटी फिरवून ठेवली, दाराशी ठेवली. बुडबुडा मधोमध.

तिवारीजींनी पाणसळ पिशवीत घातली. वानखेडे साहेबांनी 'बघा, उचललं' म्हणायचं टाळलं, आणि ते त्यांना फार जड गेलं असणार.

तेवढ्यात ड्युटीवर धोटे आला. इथला जुना पंप ऑपरेटर. त्याची उभी नोकरी याच खोलीत गेलेली. लेकीच्या लग्नासाठी तो लांब सुट्टीवर वर्ध्याकडे गेला होता आणि त्या दिवशीच परतला होता. उंबरठा ओलांडून दोन पावलं टाकली, तो गडी झोकांडला. भिंत धरून कसाबसा उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मी सुट्टीवर काय गेलो, तुमी पंपहाऊस वाकडं करून ठेवलं!"