दोन तालुक्यांचे नियम आणि एक बाळंतपण

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे बारामतीला व्हायचं होतं. तिचं सासर पळसदेवला, इंदापूर तालुक्यात. एरवी गाडीत बसलं की पोचलं, एवढंच अंतर. पण साथीचा दुसरा उन्हाळा होता आणि दोन तालुक्यांच्या नियमांचा एकमेकांशी मेळ नव्हता.

मी कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला होता. डावीकडे बारामती, उजवीकडे इंदापूर. दूध कधी, भाजी कधी, गाडीत माणसं किती, गावात यायला तपासणीचा दाखला लागतो का. मोबाईलवर फिरत आलेलं काही लिहायचं नाही. सही-शिक्क्याचा आदेश पाहिला की जुनी ओळ खोडून नवी लिहायची. शेजारणी पिशवी घेऊन निघण्याआधी मला फोन करायच्या.

सातव्यात लेकीला आणायचं, तर नेमका तिच्या सासऱ्यांना ताप आला आणि सगळं घर विलगीकरणात गेलं. ते उठेपर्यंत आठवा लागला. आठव्यात मुलीला माहेरी आणत नाहीत. विहीणबाईंनी फोनवर तेच सांगितलं आणि मीही लगेच हो म्हटलं. तक्त्याप्रमाणे तेव्हा दोन्हीकडचा रस्ता मोकळा होता.

नववा लागला आणि बारामती बंद झाली. बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही. त्याच आठवड्यात लेकीचं ब्लड प्रेशर चढायला लागलं, पाय सुजले. कधीही दाखल करावं लागेल, असं इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. फोनवर ती नीट बोलेना. शेवटी एवढंच म्हणाली, "आई, तू जवळ हवीस."

तिला आत आणायची परवानगी मिळावी म्हणून मी फोनमागून फोन केले. सगळीकडून एकच उत्तर, कळवतो. नवरा तक्त्यासमोर उभा होता. म्हणाला, "यात सगळं येणाऱ्यांचं लिहिलंयस. जाणाऱ्यांचं कुठंय?"

ते मी लिहिलंच नव्हतं. बाळंतपणाला लेक येते. आई जाऊन लेकीच्या सासरी राहते, असं आमच्यात कुणी केलेलं नव्हतं. आदेश पुन्हा वाचला. दवाखान्याच्या कारणासाठी बाहेर जायला मनाई नव्हती. बंदी उठेपर्यंत परत मात्र येता येणार नव्हतं. इंदापूरच्या बाजूने तपासणीचा दाखला लागत होता. नमुना देऊन आले आणि बॅग भरली. डिंक, अळीव, जुन्या धुतलेल्या साड्यांची दुपटी. अहवाल येईपर्यंत त्या बॅगेजवळून हलले नाही. तो चांगला आला.

नाक्यावर पोलिसाने कागद उलटसुलट पाहिले. "बाई, आज गेलात की परत सोडणार नाही आम्ही."

"माहीत आहे," म्हटलं.

पळसदेवला लेक ओसरीतच बसली होती, सुजलेले पाय पाटावर ठेवून. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. माझा हात थांबला. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हे आम्ही लग्नापासून पाळलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं.

"घ्या, विहीणबाई. उजनी धरणाचं पाणी हाय, कुणाच्या घरचं न्हाय. आन् उपाशीतापाशी तुमीच आडव्या झाला, तर मी कुणाकुणाला बघू?"

लेक कितीतरी दिवसांनी हसली. मी तांब्या तोंडाला लावला आणि दवाखान्याची फाईल मागून घेतली.