न दुखणारी पाठ

माझी पाठ आज सरळ आहे ती गंगव्वांमुळे. काय झालं ते सांगेनच, पण आधी नाव सांगून टाकतो. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिता लिहिता भरकटलो तर निदान नाव तरी राहून जायला नको. सगळे त्यांना अव्वा म्हणत. बाई सीमेकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. कोल्हापुरात गुळाच्या बाजारामागच्या बोळात त्यांची खानावळ होती. आम्ही हमाल तिथंच जेवायचो आणि वरच्या माळ्यावर झोपायचो.

मी परभणीकडचा. नव्वद सालानंतर कधीतरी, गुळाचा हंगाम सुरू झाला तसा गावच्या एका माणसाची ओळख सांगत कोल्हापुरात उतरलो. मागं आई आणि दोन धाकट्या बहिणी. मी पाठवीन त्यावर तिघी जेवणार, आणि मला विकायला पाठीशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशी जीव तोडून रवे वाहिले. गुळाचा रवा म्हणजे फडक्यात बांधलेली भलीमोठी ढेप. एक हडकुळं पोर खांद्यावर बसल्यागत वजन. संध्याकाळी खानावळीत आलो आणि सरळ पाटावर बसलो.

"पावणं, उठा," अव्वा चुलीजवळून म्हणाल्या. "आधी पाठ, मग आंघोळ, मग पान."

मला काही कळेना. बाकीचे हमाल सदरे काढून स्वयंपाकघराबाहेरच्या लांब भिंतीला उघड्या पाठीनं टेकून उभे राहिले होते. भिंत शाडूनं सारवलेली, पांढरी. टाचा भिंतीला, नजर समोर. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारे गडी, पण शाळेतल्या पोरांसारखे ओळीत. मीही जाऊन टेकलो. भिंत गार होती.

"सोडा," अव्वा म्हणाल्या, आणि सगळे बाजूला झाले.

मी मागं वळून पाहिलं. भिंतीवर घामाच्या ओल्या पाठी उमटल्या होत्या. माणसं हलली होती, पाठी तिथंच उभ्या. प्रत्येकीच्या मधोमध, जिथं कण्याची पन्हळ भिंतीला टेकत नाही तिथं, एक कोरडी पांढरी रेघ. अव्वा कंदील घेऊन त्या रांगेसमोरून हळूहळू चालल्या. ओल वाळायच्या आत त्यांना सगळ्या रेघा बघायच्या असत. मध्येच थांबून एखाद्याला, कानडीत धाकट्या भावाला मारतात ती हाक मारून, म्हणायच्या, "तम्मा, उद्या वाकून उचलू नकोस. गुडघं मोड, रवा पोटाशी घे, मग ऊठ." पुढच्याला, "तू जेवून आडवा हो, पाय पाटावर वर ठेव." माझ्या पाठीपुढं थांबून नुसतं "हं" म्हणाल्या.

कोपऱ्यात एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली असे. गर्दी झाली तरी तिथं कुणी टेकत नसे.

दुखतंय म्हणून कुणी आलं की मात्र अव्वा हात लावत नसत. "दुखलेल्या पाठीचं मला काय बी कळत न्हाय. ती डाक्टरला दाव. मला न दुखणारी पाठ दाव." हे त्यांचं ठरलेलं बोलणं. दुखलेल्याला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात न्यायच्या, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायच्या. पण त्यांचं सगळं लक्ष ज्याला काही होत नाही त्याच्यावर. धडधाकट माणसाकडं त्या अशा बघायच्या की त्यालाच भीती वाटावी.

आमच्यात मुरगूडचा दौलू होता. तालमीत घुमलेलं अंग. सगळे एक रवा न्यायचे तिथं हा दोन घ्यायचा, आणि वर दुसऱ्यांना म्हणायचा, "बाजूला व्हा, बायकांनू." एके दिवशी अव्वा त्याच्या पाठीपुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. कंदील खाली नेला.

"दौलू, कमरंजवळ रेघ तुटलीया."

"मग सांधा की. शाडू हायच तुमच्याकडं."

"दोन रवं सोड. एका खांद्यावर नेतोस ते बी सोड. जरा दिवस हलकं काम कर."

"अव्वा, दुखत न्हाय, खुपत न्हाय. लाकडाची हाय माझी पाठ. तुमच्या भितीलाच वाळवी लागली आसंल."

सगळे हसले. मीही हसलो असेन. अव्वा हसल्या नाहीत. ओल वाळेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

पुढं शिमग्याच्या आसपास दौलू पडला. रवा उचलताना नव्हे. सकाळी तोंड धुऊन खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकला आणि तसाच राहिला. वर होता येईना, खाली बसता येईना. "कायतरी तुटलं रं," एवढंच म्हणाला, अगदी हळू. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी होतं तेवढं केलं, पण डावा पाय ओढतच तो मुरगूडला परत गेला. तो रवे उचलत होता ते मी हंगामभर पाहिलं होतं. टॉवेलाला घाबरायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

श्रावणात काम थोडं होतं, पण गोदामातला माल ट्रकवर चढवायचा असे. पावसाची झड लागली होती. हवा इतकी दमट की मीठ ताटात पाणी सोडायचं. एका संध्याकाळी आम्ही परत आलो तर भिंतीवर पाठी होत्या. आम्ही अजून टेकलो नव्हतो. सगळी भिंत पाठींनी भरली होती, काळपट, एकीवर एक. सोडून गेलेल्यांच्या, मेलेल्यांच्या, ज्यांची नावंही कुणाला आठवत नव्हती त्यांच्या. आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत एक रुंद पाठ, खांद्यापासून कमरेपर्यंत वाकडी.

"घामाचं मीठ हाय ते," अव्वा म्हणाल्या. "ओल धरतंय. सालातनं एकदा येत्यात." पाहुणे येतात म्हणावं तशा बोलल्या. मग कोपऱ्याकडं बघून पदर सारखा केला.

मी विचारलं नव्हतं, तरी त्या दिवशी त्यांनी सांगितलं. कोपऱ्यातली पाठ त्यांच्या मालकांची. तेही याच बाजारात हमाल. दिवसभर वाहून आले की त्या कोपऱ्यात टेकून बिडी ओढायचे. "रोज त्यांचा डाग पडायचा. रोज रेघ जरा सरकायची. मी बघत हुते की. आन् काय म्हणत हुते? सारवण खराब करू नका म्हणून वरडत हुते." मालक पडले, बरीच वर्षं अंथरुणावर राहिले, तिथंच गेले. "ही भीत मला रोज सांगत हुती. मला वाचाय आलं न्हाय."

एवढं बोलून त्यांनी कंदील उचलला आणि मला म्हणाल्या, "तम्मा, तू हितं टेक."

ती दौलूची जागा होती. त्याची पाठ तिथं स्पष्ट उमटलेली, कमरेजवळ तुटलेली रेघ. मला टेकायचं नव्हतं. पण अव्वांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. टाचा लावल्या, नजर समोर केली. दौलूच्या अंगात शिरल्यासारखं वाटलं. भिंतीतून कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून उभं होतं.

"सोड."

वळून पाहिलं. त्या जागी एकच पाठ होती. माझी ओल त्याच्या डागावर बसली होती आणि रेघ त्याच जागी तुटली होती. माझी कुठली, दौलूची कुठली, मला ओळखता येईना.

"मला काही दुखत नाही अव्वा," मी म्हणालो.

"तेच की," त्या म्हणाल्या.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. काम सोडावं तर घरी चूल बंद. करावं तर दौलू. सकाळी अव्वा माझ्याबरोबर बाजारात आल्या, नऊवारीचा ओचा खोचून, तडक मुकादमापुढं. मुकादम तुकाराम नाना चहा पीत होते.

"नाना, ह्या पोराला आजपास्नं डावा खांदा."

"अव्वा, खुळ्या हायसा का? रांग उजव्या अंगानं चालती. ट्रकपास्नं थप्पीपत्तर समद्यांचा रवा उजवीकडं. ह्यो एकटा उलटा निघाला तर मागचा धडकंल की."

"मग समदी रांग उलटी चालवा. सकाळी उजवा, दुपारनं डावा."

"आन् न्हाय चालवली तर?"

"तर रातीचं हाटेलात जावा. तुमी बी."

नानांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. खानावळीतली भाकरी आणि आमटी त्यांचीही ठरलेली होती. कप ठेवत म्हणाले, "व्हय बाबा, दुपारनं डावा. लोकं हसत्यात ते तुमी बघा."

लोक हसलेच. दुपारच्या जेवणानंतर आमची रांग उलटी निघायची आणि समोरच्या अडतीतले हमाल शिट्ट्या मारायचे. "कोल्हापूर सोडून कर्नाटकात चालला काय रं?" डावा खांदा कच्चा, कातडं सोलून निघालं. अव्वा संध्याकाळी तेल लावायच्या, जमिनीवर उताणा निजवून पाय पाटावर ठेवायला लावायच्या, आणि दोन रव्यांचं नाव काढू द्यायच्या नाहीत. रोज भिंत. रोज दौलूच्या जागी. मी वळून बघायचं सोडून दिलं होतं, त्यांच्या तोंडाकडं बघायचो. पुढच्या हंगामात कधीतरी त्यांनी कंदील खाली नेला, वर आणला, आणि म्हणाल्या, "आता तू तुझ्या जागी टेक. हितलं काम झालं." तोवर समोरच्या अडतीची रांगही दुपारनंतर उलटी चालायला लागली होती. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

बहिणींची लग्नं मी याच पाठीवर केली. आईला शेवटी इथं आणलं.

दोन हजारनंतर जागेच्या मालकानं बोळातली घरं पाडून इमारत बांधायला घेतली. भिंत पाडायच्या दिवशी आम्ही जुने सगळे गेलो होतो. उन्हाळा होता, कोरडं ठणठणीत. तरी कोपऱ्यातल्या विटा निघाल्या त्या आतून ओल्या होत्या. गवंड्यानं हात पुसला आणि आमच्याकडं पाहिलं. अव्वा म्हणाल्या, "हळू काढ बाळा, दुखंल." कुणाला म्हणाल्या, कळलं नाही.

आता त्या माहेरी, भाच्याकडं असतात. गडहिंग्लजच्याही पुढं, सीमेला लागून गाव. मागच्या दिवाळीत गेलो होतो. आयुष्यभर चुलीपुढं वाकलेल्या बाईची पाठ पार कमानीसारखी झालीय. पाय चालत नाहीत. आमच्या सगळ्यांच्या पाठी त्यांनी बघितल्या, त्यांची बघायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

दारातून समोर टेकडी दिसते. वर महादेवाचं देऊळ. लहानपणी रोज जायच्या म्हणे. मी म्हणालो, "अव्वा, चढायचं का? मी नेतो पाठीवर. माझी पाठ तुमचीच आहे."

"आज नगो," त्या म्हणाल्या. "सण हाय, घरात माणसं हायती. पुढच्या खेपंला. पर लवकर ये तम्मा. लई उशीर केलास तर उचलाय वजन राहणार न्हाय."

महाशिवरात्रीला मी जाणार आहे. रजा मागून ठेवलीय. टेकडीचा चढ बघून आलोय. वाटेत टेकायला दगड आहेत, पण मी कुठंच टेकणार नाही. अव्वांना देवळाच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन मगच खाली ठेवीन.