पालथा पेला

दया चुलीपुढे भाकरी थापत होती, तोच दाराची कडी वाजली. नेवाशाच्या त्या ख्रिस्ती वस्तीत इतक्या सकाळी कडी वाजवणारे दोघेच, एक पाळक, नाहीतर सरकार. आज सरकार होते. आबकारीचा शिपाई सहादेव काखेत कागद धरून उभा.

“वहिनी, दादा हायेत? साहेबांनी नोकरनामा मागितलाय.”

सेहेचाळीस साल होते. सरकारमान्य गुत्त्यात पेला भरायचा, तर त्या माणसाच्या नावाचा नोकरनामा लागे; नाहीतर बाटलीला हात लावायची सोय नव्हती. दयाचा नवरा शलमोन गुत्त्यात पेले भरी; त्याचा नोकरनामा अकरा वर्षे बायबलात घडी घालून ठेवलेला. “देवाच्या मांडीवर दारू!” म्हणून वस्ती हसे. शलमोनने मात्र थेंब कधी चाखला नव्हता. त्याला वाचता येत नसे. मिशनच्या शाळेत सातवी झालेल्या दयाने कागदामागच्या अटी वाचून दाखवल्या होत्या. त्यातली एक त्याने आज्ञेसारखी धरली: झिंगलेल्याला दारू देऊ नये. गिऱ्हाइकाला पुरे झाली, की शलमोन त्याचा पेला फळीवर पालथा घाली. मग गिऱ्हाइकाचा बाप आला तरी तो सुलटा होत नसे.

काल बाजारच्या दिवशी त्याने आबकारीच्या साहेबांच्या मेहुण्याचा पेला पालथा घातला. बाहेर टांग्यात मेहुण्याची बायको-लेकरे बसलेली, आणि लगाम तोच धरणार होता.

“पेला फोडला म्हनं त्यानं?” सहादेवाने विचारले.

“फोडला की. पन भरून न्हाई मिळाला,” चूळ भरून आत येत शलमोन म्हणाला.

सहादेवाने कागद पसरला. “हितं अंगठा द्या, दादा. राजीखुशीनं नोकरनामा परत केला, असं लिवलंय. मिटलं.”

दयाने पिठाचे हात झटकून कागद वाचला. “राजीखुशीनं? अवो, तुमची खुशी ह्यांना कवा कळली?”

“वहिनी, साहेब वाईट हाय. जिल्ह्यात कुठल्याच गुत्त्यात उभं राहू द्यायचा न्हाई.”

“मग न्हाई राहनार,” शलमोन म्हणाला. त्याने बायबल उघडले, नोकरनामा काढून सहादेवाच्या हातावर ठेवला आणि अंगठा मुठीत घेतला. “कागद सरकारचा, तो न्या. अंगठा माझा हाय.”

“साहेबांना काय सांगू?”

“एकच मागनं हाय म्हनावं. नोकरनाम्यावर शाईनं लिवा, झिंगलेल्याला दारू दिली न्हाई, म्हनून काढला.”