उलट्या व्हिडिओतली ताई

वैशालीताईला जाऊन आज वर्ष झालं. माझ्या ॲपमध्ये ती अजून डावखुरी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ताई मूळची रनाळ्याची. तळोद्यात मुलांना नाच शिकवायची. मी नंदुरबारची, पुण्यात इंजिनियरिंग करून परत आलेली. वरच्या डोंगरातल्या ज्या मुलांना क्लासला उतरता येत नव्हतं, त्यांच्यासाठी आम्ही दोघींनी 'फेर' नावाचं ॲप केलं.

ताई नाचून दाखवायची. मुलं बघून शिकायची, आपला व्हिडिओ पाठवायची. ताई दुरुस्ती सांगायची.

वर नेट नव्हतं. त्यामुळे व्हिडिओ यायचे बाजाराच्या दिवशी. कुणाचा तरी मामा जीपने तळोद्याला उतरला, की त्याच्या खिशातून अख्ख्या पाड्याचा नाच एकदम अपलोड व्हायचा.

मी स्क्रीन बघून सांगायचे, "ताई, जीप आली."

सुरुवातीला मी लाइकचं बटण दिलं होतं. ताईने आठवडाभर बघितलं आणि म्हणाली, "पोरे नाचतस का मोजतस? काढ ते."

काढलं. त्यानंतर मुलं न लाजता जास्त चुका पाठवायला लागली. प्लॅटफॉर्म म्हणून ती आमची सगळ्यात चांगली गोष्ट होती.

मग ताईचं आजारपण निघालं. सुरतला ॲडमिट व्हायचं ठरलं. किती दिवस, डॉक्टर सांगत नव्हते.

ताई एवढंच म्हणाली, "सुरत जावाना पहिले माले समदा पोरे एकच फेरमा देखाना शेतस."

क्लासची मुलं आणि वरची मुलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ताईलाही वरच्या मुलांनी फक्त फोनमध्ये पाहिलं होतं.

तळोद्यात एक हॉल घेतला. वरून दोन जीप भरून आल्या.

ताईचं पहिलं लक्ष पायांकडे नाही, हातांकडे गेलं. ती उजव्या हातात स्टीलचं कडं घालायची. वरच्या सगळ्या मुलींनीही कडं घातलं होतं. डाव्या हातात.

"हाई काय व?" ताईने रविताला विचारलं. रविता वरच्या मुलींतली सगळ्यात धीट.

"तुमच्यासारखं, ताई."

ताईने आपल्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला तेव्हाच कळलं, पण ढोल सुरू झाला होता.

अर्धा फेर डावीकडे निघाला. अर्धा उजवीकडे.

पहिली टक्कर रविताचीच झाली. क्लासमधला एक मुलगा ओरडला, "ओ, रिव्हर्स गियर!" रविता म्हणाली, "तूच रिव्हर्स!"

झालं होतं ते असं. ताई वर्गासमोर उभी राहून शिकवायची, म्हणजे मुलांचा उजवा पाय हवा असेल तेव्हा स्वतःचा डावा टाकायची. वर्षानुवर्षांची सवय. आणि मी, मुलांना सोपं जावं म्हणून, ॲपमधला प्रत्येक व्हिडिओ आरशासारखा फिरवून दाखवत होते. दोनदा उलटं झालं, आणि स्क्रीनसमोर उभी राहून नाचणारी वरची मुलं उजव्याऐवजी डावा पाय टाकायला शिकली. ताई तोंडाने फक्त ढोलाचे बोल म्हणायची, उजवं-डावं नाही. मुलांचे व्हिडिओही फिरूनच उघडायचे, म्हणून ताईला ते बरोबर दिसायचे.

दोघी आपापल्या जागी बरोबर होतो. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, "ताई, कोडची एक ओळ बदलायची आहे. पंधरा दिवसांनी परत बोलवू."

पण पंधरा दिवसांनी ती सुरतला असणार होती.

तेवढ्यात रविता म्हणाली, "ताई, हात नाही धरायचे का? होळीला आम्ही धरतो."

व्हिडिओत ताई एकटी असायची. कुणाचा हात धरणार? ती कमरेवर हात ठेवून नाचायची, म्हणून पोरंही कमरेवर हात ठेवून उभी होती.

ताई खुर्चीतून उठली. मी म्हटलं, "बस ना, तुला बघायचंय ना?"

"तू सरक."

तिने एका हातात रविताचा हात घेतला, दुसऱ्यात त्या 'रिव्हर्स गियर'वाल्याचा. म्हणाली, "मन्हाकडे देखू नका. हात सोडू नका."

आणि चालायला लागली. नाचली नाही, फक्त चालली. ज्याचा पाय चुकला त्याला शेजारच्याने ओढलं. दोन-तीन वेळा रांग अडखळली. मग फिरली.

सगळा फेर. एकाच दिशेला.

ताईला तो दिसला नाही, कारण ती त्यात होती. खुर्चीत येऊन बसल्यावर धापा टाकत म्हणाली, "देखानं राहीच गयं."

मी शूट केलं होतं. सुरतला पाठवलं. संध्याकाळी तिची व्हॉइस नोट आली. आवाज बसलेला, पण हसत होती.

"इंजिनियर, हाऊ व्हिडिओ उलटा तं नही शे ना?"

त्यानंतर तिचा आवाज आला नाही.

ती गेल्यावर मी ती ओळ बदलली. सगळे व्हिडिओ सरळ झाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी रविताचा मेसेज आला: "दीदी, ही आमची ताई नाही वाटत. कडं दुसऱ्या हातात आहे."

एक व्हिडिओ मी परत फिरवून ठेवला. त्यात नाच नाही. ताई ढोलाचे बोल म्हणते आणि मध्येच कडं मागे सारते, डाव्या हातातलं. तेवढा तसाच राहील.

आणि ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी टाइप केलं होतं. पाठवायच्या आत सुरतहून फोन आला.

नाही, तो उलटा नाही. नीट बघ. ढोलाच्या शेजारून तिसरी, तू आहेस.

ये आता.