मेस्तांचा रहिवास परवाना

नोकरीतल्या खून-दरोड्यांबद्दल लोक मला अजून विचारतात आणि मी सांगतोही. पण माझं मन आपणहून वळतं ते एका वेगळ्याच प्रकरणाकडे. त्यात रक्त सांडलं नाही, मुद्देमालही सापडला नाही. आरोप एवढाच होता, की एक माणूस तीसहून जास्त वर्षं मालवणच्या किनाऱ्यावर राहतो आहे आणि तो परदेशी आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीत मोडत होतो आणि गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. पूर्वी आमच्या भागातून गोव्यात जाणं म्हणजे शेजारच्या गावी जाण्यासारखंच होतं. इकडच्या मुली तिकडे दिल्या जात, तिकडच्या सुना इकडे येत. मग सीमा बंद झाली, बांद्याच्या बाजूला पहारा बसला आणि गोव्यात जन्मलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने परकीय ठरला. अशा लोकांनी ठाण्यावर येऊन नाव नोंदवावं, रहिवास परवाना घ्यावा आणि दर वर्षी त्याची मुदत वाढवून घ्यावी, असा हुकूम निघाला. गावोगाव दवंडी पिटली गेली. मी ठाण्याचा फौजदार होतो, त्यामुळे परकीयांची नोंदवही माझ्या ताब्यात असे. बहुतेकांनी येऊन नावं नोंदवली.

एके दिवशी टपालात एक बंद पाकीट आलं. आत निनावी पत्र, अक्षर वळणदार. अमुक वाडीत होड्या बांधणारा मेस्त, म्हणजे सुतार, मूळचा गोव्याचा आहे आणि त्याने नाव नोंदवलेलं नाही, तरी त्यास ठाण्यावर बोलावून काय तो सोक्षमोक्ष करावा, असा मजकूर. खाली आणखी एक ओळ होती: 'सकाळी न्याहारीआधी बोलावू नये, उपाशी राहिल्यास त्यास घेरी येते.'

निनावी पत्रं मी शेकड्यांनी वाचली आहेत. त्यांत शिव्या असतात, जुनी भांडणं असतात, नाहीतर जमिनीची हाव असते. ज्याच्यावर दोष ठेवायचा त्याच्या न्याहारीची काळजी करणारं पत्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. पत्राची आवक नोंद केली आणि हवालदाराला सांगितलं, "उद्या दहानंतर घेऊन ये."

मेस्त आले ते धुवट सदरा घालून. वय पंचावन्नच्या आसपास, हाताची बोटं जाड, नखांत राळ. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माणूस अंदाज घेतोय. ते तसं नव्हतं, हे पुढे कळलं.

"जन्म कुठला, मेस्त?"

"हयलोच, साहेबानू. देवबागचो."

त्यांच्या बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं. देवबागच्या वाड्या, देवळाची जत्रा, खाडीच्या मुखाशी वाळू कुठे साचते, कोणती होडी कोणाची, जे विचारलं त्याचं उत्तर बरोबर. हवालदार जबाब लिहून घेत होता. पाऊण तास झाला तरी मला पकडण्यासारखं काही मिळालं नाही.

शेवटी मी सरळ सांगितलं, "ठीक आहे. जन्माची नोंद मागवून घेतो. ती मिळाली नाही, तर कायद्याने तुम्हाला नाक्यावरून पलीकडे पाठवावं लागेल."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. टेबलाची कड धरून ते म्हणाले, "म्हाका थंय धाडूं नाकात, साहेब. हांव खंय वचूं?"

हवालदाराचा टाक थांबला. मी मूळचा याच भागातल्या वालावल गावचा. आमच्याकडे माणूस 'मी जातंय' म्हणतो. 'हांव' आणि 'वचूं' हे शब्द तेरेखोलच्या खाडीपलीकडचे. तीस वर्षं सांभाळलेली जीभ त्या एका घाबरण्याने निसटली होती. हे त्यांनाही कळलं. ते बाकावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "लिवा. गोंयच्या पेडण्याचो म्हणान लिवा."

पाणी प्यायल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. विशीच्या आतच मामाबरोबर होडीच्या कामाला इकडे आले. मामा वारला, काम राहिलं, लग्न इथेच झालं. पलीकडे आता घर नाही, माणूस नाही. दवंडी ऐकली तेव्हा तीनदा ठाण्याच्या फाटकापर्यंत आले होते आणि तीनदा परत गेले. कोणीतरी सांगितलं होतं, की जो नाव सांगतो त्याला दुसऱ्या दिवशी गाडीत घालतात. पलीकडचे पोलीस मग हिंदुस्थानचा हेर म्हणून आत टाकतात.

मी वरिष्ठांना कळवलं. उत्तर लगेच आलं: आठ दिवसांत हद्दपारीचा प्रस्ताव पाठवावा. वरिष्ठांना दोष देता येणार नाही, सीमेवरचे दिवस संशयाचे होते. पण त्याच पत्रात एक वाक्य होतं. हुकमाच्या आधीपासूनचा सलग रहिवास आणि सचोटीचा धंदा कागदोपत्री सिद्ध होत असेल, तर तसा अहवाल द्यावा. मी त्या वाक्याला धरून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. मेस्त कामावर होते. त्यांची बायको अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. घेरीची गोष्ट घरच्या माणसाशिवाय कोणाला ठाऊक असणार?

"पत्र कोणी धाडलं ते मला कळलंय," मी म्हणालो.

तिने हात पदराला पुसले. "शाळेच्या मास्तरांकडसून मीच लिवन घेतलंय."

"नवऱ्याविरुद्ध?"

"इरुद्ध कसला, साहेबानू? ह्येंच्या दोनय डोळ्यांत मोतीबिंदू आसा. मिरजेच्या दवाखान्यात जावन काढूक व्हयो. पण थयसर नाव-गाव लिवतत म्हणान हे जाऊक तयार नाय. आमच्या लेकीच्या लग्नाक मुंबैक गेले नाय, वाटेर कोण विचारीत म्हणान. दारात पोस्टमन इलो तरी हे परसात जातत. होडयो बांधणारो माणूस आंधळो झालो तर करतलो काय?" तिने एक सोल उलटून ठेवलं. "म्हटलं, काय ता एकदा होवन जांवदे. तुमी वालावलचे. माणसाचा ऐकान घेशात असा वाटला."

"आणि मी पलीकडे पाठवलं असतं तर?"

"तर मी पण गेलंय असतंय," ती म्हणाली. उत्तर तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

आता पुरावा हवा होता, आणि मेस्तांनी जन्मभर कागद टाळलेला. मतदार यादीत बायकोचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. घर बायकोच्या नावावर. शाळा शिकलेले नाहीत. मी त्यांच्या होड्या बांधायच्या मांडवात जाऊन बसलो. समोर अर्धवट मचवा उभा होता आणि ते फळीवरून हात फिरवून सांधा तपासत होते. नजरेचं काम हाताने चाललं होतं. मी विचारलं, "आजवर गलबतं किती बांधली?" ते नावानिशी सांगू लागले, कोणाचं कुठलं, कोणत्या बंदरात गेलं.

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात आलं, की मालाची ने-आण करणाऱ्या मोठ्या गलबताची बंदर कचेरीत नोंद करावी लागते. कचेरीतल्या वयस्कर कारकुनाने जुनी रजिस्टरं काढून दिली. मालकाचं नाव, लांबी, रुंदी आणि शेवटचा रकाना, बांधणाऱ्याचं नाव व गाव. हवालदार आणि मी दोन दिवस तिथे बसलो. पानं कसरीने खाल्लेली, शाई विटलेली. पण मेस्तांचं नाव होतं. दोन-तीन वर्षांआड एक नोंद, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली, आणि प्रत्येक वेळी गाव हेच. त्यांनी स्वतः कुठे नाव लिहू दिलं नव्हतं. लोकांनी त्यांच्या कामापुढे ते लिहून ठेवलं होतं.

नोंदींच्या नकला घेतल्या, पंच घेतले, तीन गलबत मालकांचे जबाब घेतले. त्यातला एक म्हातारा माझ्यावरच चिडला. "माझे तीन झील ह्येच्या होडयेर बसान दर्यात जातत. ह्येचो जल्म खंयचो, ह्या इचारूचा माका कधी सुचाक नाय. तुमका बरा सुचला!" 'झील' म्हणजे मुलगे एवढीच टीप देऊन मी ते वाक्य जबाबात जसंच्या तसं घातलं.

आठव्या दिवशी अहवाल गेला. महिन्याभराने हुकूम आला: ताकीद देऊन उशिराची नोंदणी मान्य. परवान्यावर लावायला फोटो हवा होता. मेस्तांनी आयुष्यातला पहिला फोटो काढला, त्यात ते फारच रागावलेले दिसतात. परवाना हातात पडल्यावर त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो दाखवलंय तर मिरजेक घेतीत मां?" पुढच्या पंधरवड्यात ते मिरजेला गेले. परत आल्यावर ठाण्यात येऊन म्हणाले, "साहेबानू, तुमी माका वाटला त्यापेक्षा बरेच तरणे आसात."

त्यानंतर दर वर्षी मुदत संपायच्या आठवडाभर आधी ते हजर. मग मीच सुचवलं, की नागरिकत्वाचाच अर्ज करा. मामलेदारापुढे प्रतिज्ञापत्र झालं, दोन प्रतिष्ठितांचे दाखले आणले, कोणाची हरकत असल्यास कळवावे अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात छापली. हरकत एकही आली नाही. रत्नागिरीला शपथ घ्यायला नवरा-बायको दोघं गेली. परतीच्या वाटेवर तिने पत्राची हकिगत सांगून टाकली. म्हणे मेस्त दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मास्तरांना चांगला बांगडा नेऊन दिला.

पुढे थोड्याच काळात गोवा भारतात आला. पहारे उठले, त्या वेळी मी बांद्याला बंदोबस्तावर होतो. एका गर्दीच्या मोटारीतून मेस्त आणि त्यांची बायको उतरली. पेडण्याला निघाली होती. मी थट्टेने म्हणालो, "मेस्त, थोडं थांबला असतात तर कागदाशिवायच सगळं झालं असतं."

ते हसले नाहीत. "साहेबानू, हीं मधलीं वर्सां मी भीती नसताना जगलंय. तीं माका परत कोणी दिली असती?"

ती दोघं पेडण्याच्या मोटारीत चढली आणि मी हात वर केला.

कायदा मोडणारा आणि कायद्याला भिणारा, दोघेही फौजदारासमोर सारखेच दिसतात. दोघेही खोटं बोलतात, दोघांचंही लक्ष दाराकडे असतं. फरक ओळखायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हा तपासाचाच भाग आहे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे बदली होईल त्या ठाण्यात मी परकीय नोंदणीच्या टेबलासमोर खुर्ची ठेवून घेतली. येणाऱ्याला आधी बसवायचं, कोणते कागद लागतील ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि मगच नाव विचारायचं. माझ्या नोंदवह्यांत त्यानंतर बरीच नावं अशी आली, जी आपल्या पायांनी चालत आली होती.